रिव्ह्यूची नर्तिका व्हायचं तर: पिसांचा मुकुट, जिना, कॅनकॅन आणि करार

पॅरिस किंवा लास वेगासचा रिव्ह्यू, म्हणजे नाच-गाण्यांचा झगमगता रंगमंचीय कार्यक्रम, बघताना प्रेक्षकाला पिसं, खडे आणि हसरे चेहरे दिसतात. जी रंगमंचावर उभी असते तिला सगळ्यांत आधी जाणवतं ते वजन. ‘जुबिली!’ हा वेगासचा कार्यक्रम १९८१ ते २०१६ चालला आणि त्यातले सर्वांत जड मुकुट साधारण १६ किलोंचे होते. तेवढं डोक्यावर घेऊन, उंच टाचांच्या बुटात, खाली न बघता जिना उतरायचा, आणि तेही बहुतेक ठिकाणी रात्रीतून दोनदा. म्हणून या व्यवसायाची तयारी नाचाच्या क्लासात सुरू होत असली तरी ती तिथे पुरी होत नाही. मान, पाठ, पोटऱ्या आणि कागदपत्रं या चार गोष्टींवर इथली कारकीर्द टिकते.

आधी काम ओळखा

सगळे एकाच नावाने ओळखले जात असले तरी कामं वेगळी आहेत. वेगासच्या जुन्या पद्धतीत ‘शोगर्ल’ आणि ‘डान्सर’ या दोन स्वतंत्र जागा असत. शोगर्ल उंच, तिचा पोशाख जड, आणि तिचं मुख्य काम म्हणजे चालणं, थांबणं, वळणं. डान्सर थोडी बुटकी चाले, पण तिच्या वाट्याला वेगवान नाच. पॅरिसमध्ये १८८९ साली सुरू झालेल्या मुलाँ रूज या नाचघरात ही दोन्ही कामं बरीचशी एकत्र येतात. तिथला ताफा ‘डोरिस गर्ल्स’ म्हणून ओळखला जातो आणि मुलींची उंची १.७५ मीटरच्या आसपास मागतात. पॅरिसचंच १९५१ चं नाचघर क्रेझी हॉर्स अगदी उलट आहे. तिथे उंची साधारण १.६८ ते १.७२ मीटरच्या पट्ट्यात लागते, सगळ्या मुलींची ठेवण एकसारखी हवी असते, पिसं जवळपास नसतात आणि अंगावर टाकलेला प्रकाश हाच पोशाख असतो. बर्लिनच्या फ्रीडरिशस्टाट-पालास्ट या नाट्यगृहात ३२ नर्तिकांची एक सरळ रांग लाथा उडवते. न्यूयॉर्कच्या रॉकेट्स या ताफ्याची रांग ३६ जणींची. क्रूझ जहाजांवर ताफा लहान असतो, एकीला चार प्रकारचे नाच यावे लागतात आणि उंचीची अट सैल असते.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या मुलीला पहिलं दार बहुधा जहाजाचं उघडतं. उंची १.६५ मीटर असेल तर मुलाँ रूजच्या ऑडिशनचं तिकीट काढू नका, पैसे वाया जातील. हे वाचायला कडू वाटेल, पण उंची कमी पडली तर तिथे कौशल्य उपयोगी पडत नाही.

अंगप्रदर्शनाचा प्रश्न ऑडिशनच्या आधीच विचारून मोकळं व्हा. पॅरिस आणि वेगासच्या परंपरेत वक्ष उघडे ठेवून नाचणारीची जागा आणि पूर्ण पोशाखातली जागा वेगळ्या असतात. पहिलीला सहसा जास्त पैसे मिळतात. रॉकेट्स आणि बहुतेक जहाजांवर तो प्रश्नच येत नाही. निवड झाल्यावर, नव्या शहरात भाड्याची खोली घेतल्यावर हा निर्णय घ्यायची वेळ आली तर तो मोकळ्या मनाने घेता येत नाही.

ऑडिशन

बरोबर न्यायचं ते थोडंच: चेहऱ्याचा एक फोटो, पूर्ण उंचीचे दोन (एक समोरून, एक बाजूने, साध्या लिओटार्डमध्ये, म्हणजे नाचाच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखात), एका पानाची माहिती, आणि दोन मिनिटांच्या आतला व्हिडिओ. व्हिडिओच्या पहिल्या १५ सेकंदांत तुमची सर्वांत उंच लाथ आणि एक स्वच्छ दुहेरी गिरकी दिसली पाहिजे. निवडणारी व्यक्ती त्यापुढे बघेल याची खात्री नसते. उंची अनवाणी मोजून लिहा. दोन सेंटिमीटर वाढवून सांगितले तर पहिल्या पाच मिनिटांतच भिंतीवरच्या पट्टीपाशी उघडे पडतात.

आत गेल्यावर क्रम साधारण असा: उंचीनुसार उभं करणं, थोडा बॅले, खोलीच्या कोपऱ्यातून कोपऱ्यापर्यंत लाथा आणि गिरक्या, मग जॅझचा एक तुकडा, शेवटी टाचा घालून चालणं. गळती बॅलेवरच होते. कथक किंवा लावणी शिकून आलेल्या मुलींची लय, नजर आणि अदाकारी इथे खरोखर उजवी ठरते, कारण दहाव्या रांगेपर्यंत नजर पोचवणं त्यांना शिकवावं लागत नाही. पण पाय सपाट आपटायची सवय आणि गुडघे किंचित वाकवून नाचायची सवय लगेच दिसते. कंबरेतून पाय बाहेर वळवणं, गुडघा पूर्ण ताणणं आणि उडी मारल्यावर बोटांवरून टाचेवर उतरणं, या तीन गोष्टींसाठी किमान दोन वर्षं आठवड्याला तीन-चार बॅलेचे तास धरा. त्याहून कमी तयारीवर पोचलेल्या मुली जॅझचा तुकडा सुरू होण्याआधीच बाहेर बसतात.

मुकुट

मुकुटाचा सांगाडा तारेचा किंवा हलक्या धातूच्या सळ्यांचा असतो. खाली कवटीला बसणारी टोपी, तिच्या आत फोमची गादी, आणि वर शहामृगाची, फेझंटची किंवा कोंबड्याची पिसं. आपल्याकडे बायका डोक्यावर हंडा आणि कळशी घेऊन चालतात तेव्हा वजन कण्यातून सरळ खाली जातं. मुकुटाचं तत्त्व तेच आहे. फरक इतकाच की मुकुट उंच असतो, त्यामुळे तो दोन बोटं पुढे कलला तरी मानेवर येणारा ओढा कितीतरी पटींनी वाढतो. त्रास वजनापेक्षा या कलण्याने होतो, आणि म्हणून मुकुट बसवण्याला त्याच्या किलोंपेक्षा जास्त महत्त्व आहे.

बसवण्याची रीत अशी. केसांच्या छोट्या गुंडाळ्या करून डोक्याला सपाट चिकटवायच्या आणि प्रत्येकीत दोन पिना फुलीसारख्या आडव्या लावायच्या. त्यावर जाळीची घट्ट टोपी. पिनांचं खरं काम मुकुटाला पकड देण्याचं असतं, केस आवरणं ही दुय्यम गोष्ट. टोपीची पुढची कड भुवईच्या वर दोन बोटांवर येऊ द्या. मागचा पट्टा कवटीच्या मागच्या फुगवट्याच्या खाली बसला पाहिजे. तो फुगवट्यावर राहिला तर घाम आल्यावर वर सरकतो आणि सगळा मुकुट पुढे पडतो. हनुवटीचा पट्टा असेल तर एक बोट जाईल एवढा सैल ठेवा, नाहीतर श्वास अडतो आणि हसूही ताठ दिसतं. मुकुट स्वतः उचलून चढवायचा नाही. ड्रेसर, म्हणजे पोशाख चढवणारी मदतनीस, तो वरून सरळ खाली ठेवते, त्या वेळी तुम्ही गुडघे किंचित वाकवून खाली यायचं आणि वजन घेऊन वर उठायचं. काढतानाही वजन आधी ड्रेसरच्या हातात गेल्याशिवाय मान हलवायची नाही.

एकदा चढला की काही हालचाली बंद. होकारार्थी मान डोलवणं बंद. नुसती मान वळवणंही बंद. बघायचं असेल तर डोळे फिरवा किंवा छातीपासून सगळं धड वळवा. नमस्कारासाठी वाकताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांतून खाली जा. खोकला येतोय असं वाटलं तर हाताने मुकुटाची बाजू धरा आणि पंखासारखा हात उघडा ठेवून ती मुद्रा वाटेल असं करा.

सराव हळूच वाढवायचा. पहिल्या दोन आठवड्यांत एक किलो, रोज दहा मिनिटं, सपाट जमिनीवर, अनवाणी. मग दर आठवड्याला अर्धा किलो. टाचा घालून चालणं तीन किलोंवर मान थरथरत नसेल तेव्हाच. याच्या जोडीला रोजचे दोन व्यायाम. तळहात कपाळावर ठेवून मानेने त्याला दाबा, पण मान हलू देऊ नका. दहा सेकंद, पाच वेळा. तसंच मागे आणि दोन्ही बाजूंना. दुसरा, भिंतीला पाठ टेकून हनुवटी सरळ मागे खेचणं, दहा वेळा. मानेच्या पुढच्या खोल स्नायूंना यानेच बळ येतं, आणि बहुतेक नर्तिकांचे तेच स्नायू कच्चे असतात. हाताला मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली किंवा दुखणं खांद्यापलीकडे कोपराकडे उतरलं, तर सराव तिथेच थांबवून डॉक्टरकडे जा. तो स्नायूंचा थकवा नसतो, नस दबत असते.

पाठीवरचा पिसारा, ज्याला सगळे ‘बॅकपॅक’ म्हणतात, तो बांधताना आधी कंबरेचा पट्टा आवळा आणि मगच खांद्याचे. उलटं केलं की सगळं वजन खांद्यावर लटकतं आणि दुसऱ्या शोपर्यंत गळ्याच्या हाडांवरची कातडी सोलून निघते. पिसारा दोन मीटरपर्यंत रुंद असू शकतो. विंगेतून येताना आडवं होऊन यायचं, आणि रांगेत सगळ्यांनी एकाच दिशेला वळायचं. एकीने उलटी दिशा घेतली की पिसं गुंततात, आणि गुंतलेली पिसं ओढून सोडवायला गेलं की तारच वाकते. दोघींनी थांबून अर्धं पाऊल जवळ यायचं म्हणजे ती आपोआप सुटतात.

पिसांना पाणी वर्ज्य. शहामृगाची पिसं चपटी झाली तर दूरवरून वाफ द्या आणि उलटी टांगून वाळवा. स्वतःचा पोशाख घेऊन परदेशी निघालात तर मोरपीस त्यात नको. भारतातून मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे आणि विमानतळावर ती जप्त होतात.

जिना

रिव्ह्यूमध्ये जिना उतरणं हा एक स्वतंत्र विषय आहे, आणि अपघात इथेच होतात. पाऊल सरळ पुढे ठेवू नका. ते तिरकं, बाहेर वळवून ठेवा म्हणजे पूर्ण तळवा पायरीवर मावतो. उतरताना टाचेचा मागचा भाग वरच्या पायरीच्या उभ्या फळीला हलकेच घासत खाली आला पाहिजे. डोळे वापरायचे नसल्यामुळे पायरी कुठे आहे हे त्या स्पर्शानेच कळतं. पुढचा पाय पूर्ण टेकेपर्यंत वजन मागच्या पायावर. नजर सभागृहाच्या मागच्या भिंतीवर एका ठरलेल्या बिंदूवर.

पायऱ्या मोजूनच उतरायच्या. संगीताच्या मात्रांशी त्या बांधून घ्या, म्हणजे शेवटची पायरी कोणत्या मात्रेवर येते हे पायाला माहीत होतं. बहुतेक पडणं मधल्या पायऱ्यांवर होत नाही. जिना संपला असं वाटून शेवटची एक पायरी राहून जाते, किंवा संपल्यावरही आणखी एक आहे असं वाटून गुडघा दणकतो. सराव आधी बूट घालून नुसता, मग मुकुटासह, मग पूर्ण दिव्यांमध्ये. समोरचा झोत डोळ्यांवर आला की खोलीचा अंदाज जातो, म्हणून दिव्यांची तालीम चुकवणारीला पहिल्या रात्री जिन्यावर पाठवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बुटाची टाच साधारण ६ ते ७.५ सेंटिमीटर, तळव्यात पोलादी पट्टी, तळाला पातळ रबर. पायाच्या घोट्यावरून एक अरुंद इलॅस्टिक घाला. बक्कल तुटलं तरी बूट पायात राहतो. सावळ्या पायांवर बाजारात मिळणाऱ्या गुलाबी रंगाच्या टाइट्स दिव्याखाली राखाडी दिसतात. आपल्या वर्णाची जोडी शोधा, आणि बुटांच्या पट्ट्यांना आपल्या फाउंडेशनचा रंग लावून घ्या, म्हणजे पायाची रेषा घोट्यापाशी तुटत नाही.

कॅनकॅन आणि रांग

कॅनकॅन या जुन्या फ्रेंच नाचात पाच-सहा मूळ हालचाली आहेत: उंच लाथा, गुडघा वर धरून पोटरी गोल फिरवणं, घोटा हातात धरून पाय कानाजवळ उभा करून एका पायावर उड्या, चाकासारखी आडवी कोलांटी, आणि शेवटी हवेतून सरळ स्प्लिटमध्ये, म्हणजे पाय पुढे-मागे पूर्ण फाकवून, पडणं. हे सगळं जोरात ओरडत, घेर हातात धरून. स्प्लिट कारकीर्दही संपवू शकतो. मांडीच्या मागचा स्नायू थंड असताना उडी मारली तर तो बसायच्या हाडापाशी फाटतो आणि बरा व्हायला महिने लागतात. उडीतून उतरताना पुढची टाच आधी सरकवत न्या, बसकण एकदम आपटू नका, आणि दोन्ही हात घेरात अडकलेले नाहीत याची खात्री करा. शोच्या आधी वीस मिनिटं हालचालींचा वॉर्म-अप करा. बसून ताणत राहणं त्याची जागा घेत नाही. फार वेळ ताणलेला स्नायू उडीच्या वेळी सैल पडतो.

लाथांच्या रांगेत नवख्या मुली शेजारणीच्या खांद्याला लटकतात. त्याने सगळी रांग डोलते. रॉकेट्सचे हात एकमेकींच्या पाठीमागे फक्त टेकलेले असतात, आधार प्रत्येकीच्या स्वतःच्या पोटाचा. तिथे सर्वांत उंच मुली मध्यभागी आणि टोकांकडे उंची कमी होत जाते, त्यामुळे लांबून सगळ्या एकाच उंचीच्या वाटतात. रंगमंचाच्या कडेला आकडे लिहिलेले असतात. तालमीत पायाचा अंगठा नव्हे तर शरीराची मधली रेषा त्या आकड्यावर आणायची.

दीड मिनिटात पोशाख बदलणं

बदलाला कधी दोन मिनिटं मिळतात, कधी एक. क्रम ठरलेला: आधी मुकुट, मग पिसारा, मग दागिने, मग अंगावरचा पोशाख, बूट शेवटी. पुढचा पोशाख उलट क्रमाने रचून ठेवायचा, बूट उघडे आणि पावलं ज्या दिशेने येतील त्या दिशेला. घाम टिपायचा, पुसायचा नाही, नाहीतर मेकअप जातो. कानात आकड्यांची कर्णफुलं नकोत. जाळीत अडकून पाळ फाटते, म्हणून चापाचीच घ्या. पापण्यांचा गोंद शोआधी किमान अर्धा तास लावा आणि एक जास्तीची जोडी आरशाला चिकटवून ठेवा. मेकअप तुमचा तुम्हालाच करायचा असतो, त्यासाठी माणूस मिळत नाही. आणि ड्रेसरशी सौजन्याने वागा. अंधारात हुक लावणारे तिचे हात तुमच्या सुरक्षिततेचा अर्धा भाग सांभाळतात.

दिवस, जेवण, शरीर

मुलाँ रूजसारख्या ठिकाणी शो रात्री ९ आणि ११ च्या सुमारास असतात, म्हणजे घरी पोचायला दोन. शेवटी दहा मिनिटं शरीर थंड करूनच निघा, झोप आठ तासांची ठेवा आणि पडदे जाड घ्या. मुख्य जेवण पाचच्या सुमारास, भात-वरण किंवा पोळी-भाजी आणि सोबत भरपूर प्रथिनं. दोन शोंच्या मधे केळं किंवा खजूर. वजनाच्या भीतीने कमी खाण्याची साथ या व्यवसायात जुनी आहे. सलग तीन महिने पाळी आली नाही तर ती हाडं कमजोर होत असल्याची खूण समजा. पावलाच्या हाडांना बारीक भेगा जाण्याची सुरुवात बऱ्याचदा अशीच होते. कंपनी वजनकाटा वापरते का, हे करार करतानाच विचारा.

करार

जहाजावर जायचं असेल तर भारतीय एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा भरती परवाना आहे का, हे आधी तपासा. कार्यालय मुंबईतच, कांजूरमार्गला आहे, आणि परवानाधारकांची यादी संकेतस्थळावर पाहता येते. नर्तिकेलाही खलाशासारखंच सीडीसी (खलाशांचं नोंदणी) पुस्तक आणि सुरक्षेचे मूलभूत कोर्स करावे लागतात: पाण्यात तगून राहणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा, आणि जहाजाच्या संरक्षणाविषयीचा छोटा कोर्स. जीवनरक्षक होडीवर तुमची नेमलेली जागा असते आणि कवायतीला शोच्या दुसऱ्या सकाळीही जावं लागतं. २००६ च्या सागरी श्रम कराराप्रमाणे नोकरी लावून देण्याचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय दाखल्याचा खर्च तुमचा; व्हिसाचा मात्र जहाजमालकाचा. विश्रांती २४ तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास असते. ‘प्लेसमेंट फी’ मागणाऱ्याकडे पाठ फिरवा.

पर्यटक व्हिसावर ‘सांस्कृतिक नर्तकी’ म्हणून पाठवतो, तिथे गेल्यावर कागद करू, असं कुणी म्हटलं तर ते काम नाचाचं नसतं. पासपोर्ट मालकाकडे ठेवायची अट, आगाऊ रक्कम देऊन ती पगारातून वळती करणं, ग्राहकांच्या टेबलावर बसून पेयं खपवण्याचं कलम, यातलं एकही दिसलं तर सही करू नका.

फ्रान्समध्ये कायदा तुमच्या बाजूने आहे: रंगमंचावर पैसे घेऊन काम करणारा कलावंत हा नोकरदारच, असं तिथला श्रम कायदा गृहीत धरतो. ‘तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक म्हणून बिल द्या’ असं सुचवलं गेलं तर सामाजिक विमा तुमच्या खिशातून जाणार, हे ओळखा. तुकड्या-तुकड्यांनी काम करणाऱ्या कलावंतांसाठी १२ महिन्यांत ५०७ तास भरले की बेकारी भत्त्याचा हक्क मिळतो, म्हणून तालमीचे तासही कागदावर आले पाहिजेत. कुठल्याही देशात करारात या गोष्टी वाचा: दुखापत झाल्यास पगार किती आठवडे, तालमीचा पगार वेगळा की नाही, परतीचं तिकीट कुणाचं, आणि तुमचे फोटो करार संपल्यावर वापरता येतील का.

रांगेनंतर

बहुतेकींचं रांगेतलं काम तिशीच्या मध्याला थांबतं. पुढची पायरी मात्र त्याच इमारतीत असते, आणि तिची तयारी पंचविशीत करायची. ‘स्विंग’ व्हा, म्हणजे रांगेतल्या पाच-सहा जागा शिकून कुणीही आजारी पडलं की उभं राहणारी. पैसे थोडे जास्त मिळतात आणि पूर्ण नाचाचा नकाशा डोक्यात येतो. त्यातूनच रांग सांभाळणारी लाइन कॅप्टन, मग सगळा नाच सांभाळणारी डान्स कॅप्टन. पॅरिसमध्ये ब्लूबेल गर्ल्सचा ताफा १९३२ मध्ये उभा करणारी मार्गारेट केली स्वतः नर्तिका होती. ‘जुबिली!’ची कंपनी मॅनेजर फ्लफ लकोक आणि मुलाँ रूजची जॅनेट फॅरो याही रांगेतूनच वर गेल्या. प्रत्येक नाचाची वही ठेवा: आकडे, मात्रा, कोण कुठून येते, कुठला पोशाख. कॅप्टन निवडताना ही वही बोलते.

पगारपत्रकं जन्मभर जपा. फ्रान्स आणि जर्मनीशी भारताचे सामाजिक सुरक्षेचे करार आहेत, त्यामुळे तिथे भरलेल्या वर्षांचा पेन्शनसाठी विचार होऊ शकतो. पण अर्ज तीस वर्षांनी करायची वेळ येते तेव्हा कंपनी बंद पडलेली असू शकते, आणि पॅरिसमध्ये १९४६ पासून चाललेल्या लिडो या नाचघराचा रिव्ह्यूही २०२२ मध्ये बंद झाला. म्हणून प्रत्येक महिन्याचं पत्रक स्कॅन करा आणि मूळ प्रती घरी पाठवून द्या.